मातीचा ओव्हल ट्रॅक: तयारी आणि देखभाल

अमेरिकेतील ओहायो, इंडियाना, आयोवा, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांत वसंतापासून शरदापर्यंत शुक्रवार-शनिवारच्या रात्री मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर मोटारींच्या शर्यती भरतात. यांतील बहुतेक ट्रॅक पाव मैल ते अर्धा मैल लांबीचे असतात आणि जुन्या ट्रॅकपैकी कित्येक काउंटीच्या जत्रेच्या मैदानांवर मुळात घोड्यांच्या शर्यतींसाठी आखलेले होते. डांबरी ट्रॅक एकदा नीट बांधला की वर्षानुवर्षे जवळपास तसाच राहतो. मातीचा ट्रॅक मात्र दर आठवड्याला नव्याने घडवावा लागतो आणि शर्यतीच्या रात्री तो तासातासाला बदलतो. अशा ट्रॅकवर काम करणाऱ्या चमूत जे प्रथमच सामील होत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. नवख्या माणसाचे लक्ष साहजिकच यंत्रांकडे जाते, पण या कामाचे मर्म पाण्यात आहे. वर किती पाणी मारले याला फारसे महत्त्व नाही. ते किती खोल मुरले आणि शेवटच्या शर्यतीपर्यंत खालून वर येत राहिले की नाही, यावर सगळे अवलंबून असते.

माती ओळखणे

पहिली पायरी म्हणजे आपल्या ट्रॅकवरची माती नेमकी कशी आहे हे जाणून घेणे. शर्यतीला चालणारी माती चिकण हवी, कारण चिकणमातीच पाणी धरून ठेवते आणि कणांना एकमेकांशी बांधते. परंतु निव्वळ चिकणमाती ओली असताना निसरडी होते आणि वाळल्यावर भेगाळते, म्हणून तिच्यात गाळाचा आणि वाळूचा काही अंश लागतो. याचे एकच एक प्रमाण कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. प्रत्येक प्रदेशातील चिकणमातीचा स्वभाव वेगळा असतो आणि चांगले ट्रॅक बहुधा आपापल्या भागातील मातीशी जुळवून घेऊनच चांगले झालेले आहेत.

जॉर्जियाची लाल माती लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल असते आणि तिच्यातील चिकणमाती प्रामुख्याने केओलिनाइट प्रकारची, म्हणजे कमी फुगणारी असते. आयोवातील नॉक्सव्हिल रेसवे हा अर्धा मैलाचा ट्रॅक, जिथे १९६१ पासून नॉक्सव्हिल नॅशनल्स ही स्प्रिंट कारची, म्हणजे उघड्या चाकांच्या हलक्या, वेगवान गाड्यांची, मोठी स्पर्धा होत आली आहे, काळ्या मातीसाठी ओळखला जातो. विदर्भ-मराठवाड्यात वाढलेल्या वाचकाने मात्र रंगावरून तर्क करू नये. आयोवाच्या मातीचा काळेपणा हजारो वर्षे तिथे वाढलेल्या गवताळ प्रदेशातील सेंद्रिय द्रव्यामुळे आहे, तर आपल्याकडील काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यात सेंद्रिय द्रव्य बेताचेच असते. ट्रॅकसाठी महत्त्वाचे असते ते मातीचे फुगणे, आकसणे आणि पाणी सोडण्याचा वेग.

हे तपासण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. काचेच्या उभट बरणीत एक तृतीयांश माती घ्यावी, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून काही मिनिटे जोरात हलवावे आणि बरणी स्थिर ठेवावी. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ पुढच्या दोन-एक तासांत बसतो आणि चिकणमाती खाली यायला एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. थरांची जाडी पट्टीने मोजली की प्रमाणाचा अंदाज मिळतो. दुसरी चाचणी हाताची आहे. ओलसर मातीचा गोळा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत पुढे सरकवला की तिची पट्टी तयार होते; ती तुटण्यापूर्वी ५ सेंटिमीटरपेक्षा लांब झाली तर मातीत चिकणमाती भरपूर आहे आणि अडीच सेंटिमीटरच्या आतच तुटली तर ती ट्रॅकसाठी बहुधा कमी पडेल. नमुने एकाच जागेचे घेऊ नयेत. वर्षानुवर्षे निरनिराळ्या ठिकाणांहून माती आणून टाकलेली असल्यामुळे एका वळणाची माती दुसऱ्या वळणापेक्षा पुष्कळ वेगळी निघू शकते, आणि एक वळण कायम लवकर का वाळते या प्रश्नाचे उत्तर अनेकदा तिथेच सापडते.

दगड हा विषय थोडक्यात सांगण्यासारखा असला तरी दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मागच्या चाकांनी उडवलेला सुपारीएवढा खडासुद्धा मागून येणाऱ्या चालकाला किंवा कुंपणाजवळच्या प्रेक्षकाला इजा करू शकतो. प्रत्येक नांगरटीनंतर माणसांनी ओळीने चालत दगड वेचावेत. या कामाला अद्याप चांगला पर्याय नाही.

उतार आणि निचरा

ट्रॅकचा पृष्ठभाग बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे उतरता असतो. ओहायोतील रॉसबर्गजवळचा एल्डोरा स्पीडवे, जो अर्ल बाल्टेस यांनी १९५४ साली सुरू केला आणि २००४ मध्ये टोनी स्टुअर्ट यांनी विकत घेतला, त्याच्या वळणांचा उतार सुमारे २४ अंशांचा आहे. बहुतेक लहान ट्रॅकचा उतार याहून बराच सौम्य असतो. उतार कितीही असला तरी पावसाचे पाणी आतल्या कडेला येते आणि तिथून ते मैदानातील चरात किंवा पाइपात जायलाच हवे. आतल्या कडेला मातीचा बंधारा साचला की पाणी तुंबते, पाया मऊ होतो आणि त्या जागी दर आठवड्याला खड्डा पडतो. एखादा खड्डा कितीही वेळा भरला तरी पुन्हा पुन्हा पडत असेल, तर वरून माती टाकत बसण्यापेक्षा तो खोदून खाली पाणी कुठून येते हे पाहावे.

चिकणमातीच्या शर्यतीच्या थराखाली घट्ट पाया असतो. हा वरचा थर किती जाड आहे हे जुन्या माणसांना विचारून आणि स्वतः खोदून जाणून घ्यावे. ट्रॅक उकरताना यंत्राचे दात पायात घुसले, तर खालची खडी वर येऊन चांगल्या मातीत मिसळते आणि ती पुन्हा वेगळी करणे जवळजवळ अशक्य असते.

पाण्याचा हिशेब

नवखा माणूस टँकर फिरवतो, पृष्ठभाग काळपट आणि ओला दिसतो, आणि काम झाले असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ते पाणी वरच्या सेंटिमीटरभर जाडीत असते आणि पहिल्या दोन-तीन शर्यतींतच उडून जाते. त्यामुळे टँकर चालू करण्यापूर्वी कागदावर हिशेब करावा.

एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पसरले की त्याची जाडी १ मिलिमीटर होते. पाव मैलाचा ट्रॅक सुमारे ४०० मीटर लांब असतो. त्याची रुंदी १५ मीटर धरली तर क्षेत्रफळ ६,००० चौरस मीटर होते, म्हणजे १ मिलिमीटर पाण्यासाठी ६,००० लिटर लागतात. आता वरच्या १५ सेंटिमीटर थराचा विचार करू. दाबलेल्या मातीचे कोरडे वजन घनमीटरला सुमारे १,६०० किलो धरले, तर या थरात प्रत्येक चौरस मीटरखाली २४० किलो कोरडी माती असते. तिचा ओलावा १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर न्यायचा असेल तर २४० किलोच्या ५ टक्के, म्हणजे १२ लिटर पाणी प्रत्येक चौरस मीटरला द्यावे लागते. पूर्ण ट्रॅकसाठी हे ७२,००० लिटर झाले. तिकडे सर्रास वापरला जाणारा ४,००० गॅलनचा टँकर सुमारे १५,००० लिटरचा असतो. म्हणजे पाच टँकर, आणि तेही थेंबभर पाणी वाया गेले नाही असे मानल्यास. अर्ध्या मैलाच्या, २० मीटर रुंदीच्या ट्रॅकला याच हिशेबाने तेरा टँकर लागतील. त्यात उन्हाळ्यातील कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी ओल्या मातीवरून ५ ते ७ मिलिमीटर पाणी एका दिवसात वाफ होऊन जाऊ शकते, म्हणजे पाव मैलाच्या ट्रॅकवरून रोज दोन टँकरांहून अधिक. शर्यतीच्या दिवशी दुपारी पाणी मारून ही तूट का भरून निघत नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

पाणी देण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. चिकणमाती पाणी सावकाश पिते. एकदम जास्त पाणी सोडले तर ते उतारावरून खाली वाहते, आतली कड चिखल होते आणि वरची कड कोरडीच राहते. एक टँकर पूर्ण ट्रॅकवर पसरला की अडीच मिलिमीटर होतात. तेवढेच द्यावे, मुरू द्यावे आणि मगच पुढची फेरी करावी. वरच्या अर्ध्या भागाला खालच्या भागापेक्षा जास्त पाणी द्यावे, कारण गुरुत्वाकर्षण ते आपोआप खाली आणतेच आणि वारा-ऊन वरच्या कडेलाच अधिक झोंबते. संध्याकाळी आणि रात्री दिलेल्या पाण्यापैकी वाफ होऊन जाणारा वाटा कमी असतो, म्हणून उन्हाळ्यात माझी पसंती नेहमी रात्रीच्या पाण्याला असेल. टँकर दर फेरीला वेगळ्या रेषेतून न्यावा, अन्यथा त्याच्या चाकोऱ्याच शर्यतीत खड्डे होतात. पाणी तळ्यातून घेत असाल तर जाळी लावावी, कारण एक तोटी बुजली की तेवढाच एक पट्टा कोरडा राहतो आणि तो दोष रात्री दिव्यांखाली सर्वांसमोर येतो.

या कामातला सर्वात मोठा धोका टँकर उलटण्याचा आहे. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी हेलकावते आणि तीव्र उतारावर सावकाश चालणाऱ्या गाडीचा तोल घालवू शकते. टाकीत आडव्या फळ्या असलेलाच टँकर वापरावा आणि वळणावर गाडी खालच्या बाजूनेच ठेवून पाणी फवाऱ्याने वर मारावे.

आठवड्याचे काम

शर्यत शनिवारी रात्री आहे असे धरून चालू. आठवड्याची सुरुवात मागची शर्यत संपते त्याच क्षणी होते. गाड्यांनी दिवसभराची माती उडवून बाहेरच्या कडेला ढकललेली असते. तिचा जो उंचवटा तयार होतो त्याला तिकडे ‘कुशन’ म्हणतात. ही माती वर तशीच राहू दिली तर काही आठवड्यांत ट्रॅकचा आकारच बदलतो: मधली पट्टी खोलगट होते, वरची कड फुगते आणि उतार बिघडतो. म्हणून रविवारी किंवा सोमवारी ग्रेडरने, म्हणजे लांब पात्याने माती सरकवून सपाट करणाऱ्या यंत्राने, ती माती खाली ओढून पूर्ण रुंदीवर परत पसरावी. मात्र तीत मिसळलेले टायरच्या रबराचे तुकडे आणि वाळून कडक झालेले खडे पात्याने बाजूला काढावेत, कारण ते पुन्हा मातीत एकजीव होत नाहीत.

त्यानंतर घट्ट झालेला पृष्ठभाग उघडावा. ट्रॅक शर्यतीनंतर इतका आवळलेला असतो की त्यावर टाकलेले पाणी आत शिरत नाही. ग्रेडरच्या मागच्या दातांनी ८ ते १० सेंटिमीटर खोल उकरावे, मग पाणी द्यावे, मग डिस्क हॅरो किंवा रोटाव्हेटर फिरवून ढेकळे फोडावीत आणि ओली व कोरडी माती मिसळून घ्यावी. सोमवार ते बुधवार हेच चक्र चालते: पाणी, मुरण्यासाठी वेळ, पाळी, पुन्हा पाणी. या दिवसांत रोज किमान सहा ठिकाणी, म्हणजे दोन्ही टोकांच्या वळणांत खाली, मध्यभागी आणि वर, कुदळीने छोटा खड्डा घेऊन ५, १० आणि १५ सेंटिमीटरवरची माती हातात घ्यावी. मुठीत दाबून पाहावे. गोळा होऊन बोटांचे ठसे उमटले आणि तळहाताला पाणी लागले नाही, तर माती वाफशावर आहे. गोळा होताच फुटला तर पाणी कमी आहे. तळहात चिखलाने माखला तर थांबावे.

याहून बारीक चाचणी हवी असल्यास मातीची वळी करून पाहावी. ओलसर माती तळहातावर वळत ३ मिलिमीटर जाडीची दोरी करावी. तेवढ्या बारीक जाडीलाही ती न तडकता वळली जात असेल, तर माती दाबण्यासाठी अजून ओली आहे. ३ मिलिमीटरच्या आसपास येताच ती तुकडे होऊन तुटू लागली तर रोलर आणण्याची वेळ जवळ आली आहे. यामागचे तत्त्व रस्ते आणि धरणे बांधणाऱ्यांनाही परिचित आहे. लॉस एंजेलिसचे अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ साली मांडले की प्रत्येक मातीला एक असा ओलावा असतो, ज्यावर ठरावीक दाबाखाली ती सर्वाधिक घट्ट होते. त्याहून कोरडी असेल तर कण एकमेकांवर सरकत नाहीत आणि त्याहून ओली असेल तर मधले पाणीच जागा अडवून बसते. चिकणमातीच्या बाबतीत हा ओलावा दोरी तुटू लागते त्या ओलाव्याच्या जवळपास, थोडा खाली असतो.

गुरुवारी किंवा शुक्रवारी माती घट्ट करावी. आधी खूर असलेला रोलर, ज्याला शीपफूट म्हणतात, तो माती खालून वर दाबत आणतो. त्याचे खूर हळूहळू कमी रुतू लागले की थर घट्ट होत असल्याची खूण समजावी. नंतर ग्रेडरने आकार द्यावा आणि शेवटी हवा भरलेल्या टायरांचा रोलर फिरवावा, ज्याला आपल्याकडे रस्त्याच्या कामावर पीटीआर म्हणतात. हे टायर मातीला मळल्यासारखे दाबतात आणि पृष्ठभाग बंद करतात, त्यामुळे आठवडाभर आत मुरवलेले पाणी आतच राहते. गुळगुळीत लोखंडी रोलर ओल्या मातीवर वापरणे मला योग्य वाटत नाही. त्याने वर काचेसारखी साय धरते, ती दिसायला सुंदर असते, पण पहिल्याच शर्यतीत पापुद्रे होऊन उडते.

शर्यतीचा दिवस

शनिवारी सकाळी हलके पाणी द्यावे आणि दुपारी पुन्हा एखादी फेरी करावी. यापुढे पाण्याचा हेतू माती भिजवणे हा नसून वरची कातडी वाळू न देणे एवढाच असतो. सूर्य कोणत्या वळणावर किती वाजेपर्यंत असतो आणि प्रेक्षकांच्या गॅलरीची सावली कुठे पडते, हे प्रत्येक ट्रॅकवर वेगळे असते आणि त्यानुसार एका वळणाला दुसऱ्याच्या दुप्पट पाणी द्यावे लागू शकते.

गाड्या येऊ लागल्या की शर्यतीच्याच गाड्या सावकाश फिरवून ट्रॅक दाबून घेतात. येथे चालकांना स्पष्ट सूचना द्याव्यात: खालच्या कडेपासून सुरुवात करावी, फेरीगणिक एकेक चाकाच्या रुंदीने वर सरकावे, चाके घसरू देऊ नयेत आणि एकामागे एक एकाच रेषेत जाऊ नये. घाईने वेग वाढवणारा एक चालक ओल्या मातीत जो चर पाडतो, तो रात्रभर सर्वांना त्रास देतो. दाबून झालेल्या मातीवर बुटाची टाच रोवून पाहावी. टाचेचा ठसा उमटावा, पण माती बुटाला चिकटू नये. ट्रॅक सराव फेऱ्यांसाठी तयार असल्याची ही माझ्या मते सर्वात भरवशाची खूण आहे.

त्यानंतर ट्रॅकचे रंग वाचावे लागतात. गडद रंग म्हणजे ओलावा. अशा ट्रॅकला तिकडचे लोक ‘टॅकी’ म्हणतात, टायर त्याला धरून राहतात आणि वेग सर्वाधिक असतो. जसजशा शर्यती होतात तसतशी मधली पट्टी फिकट आणि गुळगुळीत होते, तिला ‘स्लिक’ म्हणतात. गाडी तिथे घसरते आणि चालकाचे कौशल्य दिसते. स्लिक हा दोष नव्हे. चांगला ट्रॅक रात्रीच्या सुरुवातीला टॅकी असतो आणि मुख्य शर्यतीपर्यंत स्लिक होतो, मात्र तेव्हाही त्याच्या खालच्या कडेला थोडा ओलावा आणि वरच्या कडेला कुशन शिल्लक असते, म्हणून चालकांना दोन-तीन मार्ग मिळतात आणि एकमेकांना मागे टाकता येते. बिघाड होतो तो याच्या पुढच्या टप्प्यात. मातीतील ओलावा पूर्ण संपला आणि ती कडक झाली की टायरचे रबर तिच्यावर चिकटू लागते, एक काळी चकचकीत पट्टी तयार होते, पकड फक्त तिथेच मिळते आणि सगळ्या गाड्या एका रांगेत धावू लागतात. टायर झिजून फुटतात आणि शर्यतीत रस उरत नाही.

ही अवस्था येऊ नये म्हणून हीट, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या पात्रता शर्यती, आणि मुख्य शर्यत यांच्यामधल्या मध्यंतरात काम करावे. कुठे काम करायचे हे हीट सुरू असतानाच ठरवून ठेवावे, कारण प्रेक्षक वाट पाहत असताना विचार करायला वेळ नसतो. फिकट पडलेला पट्टा ग्रेडरने किंवा ट्रॅक्टरमागच्या दात्यांनी केवळ दोन-तीन सेंटिमीटर खरवडावा, हलके पाणी द्यावे आणि लगेच टायरच्या रोलरने किंवा गाड्यांनी दाबून घ्यावा. खोल खरवडले तर सुटी माती उडून जाते आणि खड्डा पडतो. पाणी जास्त झाले तर पहिल्या फेऱ्यांत अपघात होतो. पूर्ण ट्रॅकवर एकसारखे काम करण्याचा मोहही टाळावा. जो पट्टा अजून गडद आहे त्याला हात लावू नये. खड्डे आणि चर मात्र प्रत्येक विरामात पाहावेत, कारण वळणात शिरताना उजवे मागचे चाक चरात अडकले की स्प्रिंट कार उलटते. ट्रॅकवर माणसे असताना सर्व गाड्या थांबलेल्या आहेत याची खात्री वायरलेसवरून करून घेतल्याशिवाय कोणीही आत पाऊल टाकू नये.

ट्रॅक केवळ उन्हावाऱ्यानेच वाळतो असे नाही. ओक्लाहोमातील टल्सा येथे १९८७ पासून दर जानेवारीत चिली बोल ही मिजेट गाड्यांची (स्प्रिंट कारसारख्याच, पण आकाराने लहान गाड्यांची) स्पर्धा बंदिस्त इमारतीत, बाहेरून आणलेल्या मातीच्या छोट्या ट्रॅकवर भरते. तिथे ना ऊन असते ना वारा, तरीही रात्र चढेल तसा ट्रॅक स्लिक होतो, कारण घासणाऱ्या, तापलेल्या टायरांनी ओली माती खरवडून बाहेर फेकली जाते आणि उरलेली माती रगडून गुळगुळीत होते. म्हणूनच किती गाड्या, किती वजनाच्या आणि किती फेऱ्या धावणार आहेत हे जाणून घेतल्याशिवाय पाण्याचा अंदाज बांधता येत नाही. रुंद टायरांच्या, बंद चाकांच्या जड लेट मॉडेल गाड्या आणि हलक्या स्प्रिंट गाड्या एकाच मातीचे वेगवेगळे हाल करतात.

धूळ

धूळ म्हणजे ट्रॅकमधून कायमची निघून जाणारी माती. उडते ते आधी बारीक कण, म्हणजे नेमकी तीच चिकणमाती, जिच्यावर पकड अवलंबून असते. त्यामुळे धुळीच्या दोन-तीन हंगामांनंतर ट्रॅक वाळूसर झालेला आढळतो आणि नवी माती आणावी लागते. शिवाय या धुळीत स्फटिकरूप सिलिका असू शकते, जिचे बारीक कण फुप्फुसात साचून कायमचा आजार होतो. कोरड्या मातीवर ग्रेडर किंवा झाडणी चालवणाऱ्याने एन-९५ मुखपट्टी लावलीच पाहिजे.

धुळीचा प्रश्न किती मोठा होऊ शकतो हे टेनेसीतील ब्रिस्टल मोटर स्पीडवेने दाखवले. २०२१ मध्ये तिथल्या काँक्रीटच्या ट्रॅकवर खाली लाकडाचा भुसा आणि वर माती टाकून नासकार या अमेरिकेतील मोटार शर्यतींच्या मोठ्या संस्थेच्या मुख्य मालिकेची शर्यत घेतली गेली. पावसामुळे ती सोमवार, २९ मार्चवर गेली, दिवसा उन्हात झाली आणि धुळीने चालकांना पुढचे दिसेना, म्हणून अर्ध्या वाटेवर, शर्यत थांबून पुन्हा सुरू होताना, गाड्या एकेरी रांगेने सोडाव्या लागल्या. अडचण केवळ पाणी कमी पडण्याची नव्हती. स्प्रिंट कारला समोर काच नसते आणि चालक हेल्मेटवरचे पारदर्शक पापुद्रे एकेक करून ओढून टाकतो. नासकारच्या गाड्यांना मात्र समोर काच आणि रेडिएटरची जाळी असते आणि ओली माती या दोन्हींवर चिकटून बसते. त्यामुळे ट्रॅक नेहमीपेक्षा कोरडा ठेवणे भाग पडले आणि उन्हाने उरलेले काम केले. पुढच्या वर्षी ही शर्यत रात्री घेण्यात आली, २०२३ नंतर मातीचा प्रयोग थांबला आणि २०२४ मध्ये ट्रॅक पुन्हा काँक्रीटचा झाला.

ओलावा टिकवण्यासाठी काही ट्रॅकवर कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. हे क्षार हवेतील बाष्प ओढून घेतात आणि मातीतील पाण्याची वाफ होण्याचा वेग कमी करतात. ते मातीत मिसळून वापरावेत, केवळ वर शिंपडू नयेत. फार कोरड्या हवेत त्यांचा उपयोग कमी होतो, ते गाड्यांचे धातू गंजवतात, ट्रॅकबाहेरचे गवत आणि झाडे मारतात, आणि दर वर्षी वापरल्यास मातीत साचत जातात. हे लक्षात घेता, जिथे पुरेसे पाणी आणि वेळ उपलब्ध आहे तिथे त्यांच्याकडे वळू नये असे माझे मत आहे.

जळके इंजिन ऑइल किंवा कोणतेही टाकाऊ तेल धूळ दाबण्यासाठी कधीही वापरू नये. मिसूरी राज्यात १९७० च्या दशकात रस्त्यांवर आणि घोड्यांच्या रिंगणांत फवारलेल्या टाकाऊ तेलात डायॉक्सिन हे विष मिसळलेले होते. रिंगणांत घोडे मेले, आणि टाइम्स बीच या गावातील सगळी घरे १९८३ पासून सरकारने विकत घेऊन गाव कायमचे रिकामे केले. फुकट मिळणाऱ्या तेलात काय मिसळलेले आहे हे पाहून कळत नाही.

पाऊस

अंदाज पावसाचा असेल तर ट्रॅक उकरलेला ठेवू नये. उघड्या, भुसभुशीत मातीत पाऊस खोल शिरतो आणि ती पुढे तीन-चार दिवस यंत्राचे वजन पेलत नाही; याउलट आकार देऊन, रोलरने बंद केलेल्या पृष्ठभागावरून बहुतेक पाणी आतल्या कडेला वाहून जाते. त्यामुळे आठवड्याच्या मध्यावर पाऊस येणार असे दिसताच पाण्याचे चक्र अर्धवट सोडून ट्रॅक लगेच दाबून घ्यावा. निचऱ्याचे चर आणि जाळ्या पावसाआधी साफ कराव्यात.

पाऊस थांबल्यावर जड यंत्र आत न्यायची घाई करू नये. वरचा रबरबीत चिखल आधी ग्रेडरच्या पात्याने पातळ काढून आतल्या बाजूला घ्यावा. त्याखाली बहुधा घट्ट आणि वापरण्याजोगी माती सापडते. हा चिखल म्हणजे उत्तम बारीक माती असते, तेव्हा तो फेकून न देता मैदानात ढीग करून वाळवावा आणि नंतर परत मिसळावा. चिखल काढल्यावर हलक्या गाड्या सावकाश फिरवून पृष्ठभाग दाबत आणावा. त्या गाड्यांच्या चाकांना माती चिकटणे थांबले की मगच रोलर किंवा शर्यतीच्या गाड्या सोडाव्यात.

नोंदी आणि हंगामाची अखेर

प्रत्येक आठवड्याची नोंद वहीत ठेवावी: कोणत्या दिवशी किती टँकर, तापमान, वारा, किती खोल उकरले, कोणते वळण आधी वाळले, मध्यंतरात काय केले आणि मुख्य शर्यत कशी झाली. दोन हंगामांच्या अशा नोंदी असल्या की ऑगस्टमधल्या एखाद्या कोरड्या आठवड्यात नेमके किती पाणी लागेल हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

ऑक्टोबरच्या सुमारास शर्यती संपल्यावर ट्रॅकची उंची दोरी किंवा लेसरने मोजून कुठे किती माती कमी झाली ते लिहून घ्यावे. नवी माती मागवायची असेल तर ती शरदातच आणावी, आधी बरणीची चाचणी करून पाहावी आणि जुन्या मातीशी जुळत असेल तरच घ्यावी. ओहायो-आयोवासारख्या भागात हिवाळ्यात जमीन गोठते आणि वितळते. या आवर्तनांत मोठी ढेकळे आपोआप भुगा होतात, त्यामुळे शरदात पसरून ठेवलेली माती वसंतात जुन्या थरात सहज मिसळते. वसंतात आणलेल्या मातीला हा लाभ मिळत नाही आणि तिची ढेकळे पहिल्या काही शर्यतींत उखडून येतात. पसरताना नवी माती जुन्या गुळगुळीत थरावर तशीच टाकू नये. खालचा थर आधी उकरून घ्यावा, म्हणजे दोन्ही थर एकमेकांत गुंततील. वसंतात जमिनीतील बर्फ पूर्ण वितळून पाणी उतरेपर्यंत तिच्यावर कोणतेही जड यंत्र नेऊ नये.